गोदावरीकाठून जुन्या पावसाचा शोध: प्रकल्प नोंदी

१४ जून

कॉलेजने प्रकल्पाला होकार दिला, निधी दिला नाही. त्यामुळे कामाची हद्द आपोआपच ठरली. गुहेत उतरायचं नाही, दगड कापायचा नाही, नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचे नाहीत. इतरांनी मोजून सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या नोंदी घ्यायच्या, हवामान मॉडेलांचे खुले निकाल घ्यायचे आणि एकाच प्रश्नाच्या मागे लागायचं: दूरच्या गुहांतले लवणस्तंभ आपल्या गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातल्या जुन्या पावसाबद्दल कितपत बोलू शकतात?

काम करणारे: मी (भौतिकशास्त्र), एम.एस्सी.चे दोघे आणि भूगर्भशास्त्रातून निवृत्त झालेले सर. सर चहापुरते येतात आणि संध्याकाळपर्यंत थांबतात.

१८ जून

पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "मॅडम, आपल्याकडे पांडवलेणी असताना छत्तीसगड-मेघालय कशाला?" मी उत्तर दिलं नाही, सरांबरोबर दोघांना तिकडेच पाठवलं. त्रिरश्मी डोंगरातली २४ लेणी माणसांनी छिन्नीने खोदलेली. खडक बेसॉल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लवणस्तंभाला चुनखडी लागते. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडी विरघळवतं, गुहेच्या छतातून टपकताना तो वायू सोडून देतं आणि कॅल्साइटचा पातळ थर मागे ठेवतं. हजारो वर्षं हेच चालू राहिलं की जमिनीवर ऊर्ध्वमुखी स्तंभ उभा राहतो. आमच्या कामाचा तोच. छतावरून लोंबणारे दिसायला देखणे असतात, पण थर वाचायला अवघड.

विद्यार्थ्याने तरी चिकाटी सोडली नाही. गावाकडच्या दगडखाणीतून आणलेला पारदर्शक स्फटिक त्याने टेबलावर ठेवला. कॅल्साइटच निघाला. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटच्या शेजारी असे पुष्कळ आहेत. पण हे लाव्हातल्या पोकळ्यांमध्ये, खडकात फिरणाऱ्या पाण्यातून वाढलेले. त्यात वर्षानुवर्षांच्या पावसाचे थर नाहीत. स्फटिक आता कागदांवर वजन म्हणून कामाला आहे.

२३ जून

सिसल नावाचा जागतिक संच उतरवून घेतला. जगभरच्या गुहांच्या समस्थानिक नोंदी, म्हणजे थरांतल्या हलक्या-जड ऑक्सिजन अणूंच्या मोजण्या, एका साच्यात बसवल्या आहेत. तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. प्रत्येक नोंदीसोबत वयाच्या मोजण्या आणि त्यांच्या चुकीची मर्यादा दिलेली असते. हा भाग मला ऑक्सिजनच्या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण वय डळमळीत असेल तर बाकीचं सगळं गोष्ट सांगितल्यासारखं होतं.

वय काढायची युक्ती सुरेख आहे. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणून नव्याने साचलेल्या थरात युरेनियम असतं, थोरियम नसतं. पुढे युरेनियम-२३४ चं थोरियम-२३० होत जातं. जितकं थोरियम साठलं तितका थर जुना. थोरियम-२३० चं अर्धायुष्य सुमारे ७५,६०० वर्षं, त्यामुळे पद्धत साधारण ६ लाख वर्षांपर्यंत चालते. अडचण मातीची. टपकणाऱ्या पाण्याबरोबर चिखल आला तर त्यातलं थोरियम आधीपासूनच आत येऊन बसतं. थोरियम-२३२ मोजून ती वजावट करतात. गढूळ थरांच्या वयाची मर्यादा म्हणूनच रुंद असते.

एक तांत्रिक सूचना दोघांच्या वहीत लिहून घेतली: काही नोंदी वर्षं १९५० पासून मागे मोजतात, काही २००० पासून. दोन आलेख शेजारी ठेवण्याआधी हे तपासायचं.

१ जुलै

आपल्यासाठी कोणती गुहा? नकाशावर तीन ठिकाणं पुढे आली.

उत्तर कन्नडमधली अकलगवी, नाशिकपासून ५५० किलोमीटरच्या आसपास. तिथल्या ३३१ वर्षांच्या स्तंभाचं काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. सह्याद्रीची म्हणून जवळची, पण काळ तोकडा.

बस्तरच्या कांगेर खोऱ्यातली दंडक गुहा. साधारण इ.स. ६०० ते १५०० ची नोंद, २००७ मध्ये प्रसिद्ध. अंतर साडेआठशे किलोमीटर, तरी मध्य भारतावरच्या मान्सूनच्या मुख्य पट्ट्यातली.

आणि मेघालयात सोहऱ्याजवळची (म्हणजे चेरापुंजीजवळची) मावम्लूह. हिचं नाव सगळ्यात मोठं. इथल्या एका स्तंभाच्या आधाराने २०१८ मध्ये भूवैज्ञानिक कालगणनेत ४,२०० वर्षांपूर्वीपासूनचं 'मेघालयन' युग अधिकृत झालं. विद्यार्थिनीला अर्थातच हीच हवी होती. सरांनी एकच विचारलं, "आपल्याकडे श्रावणात पाऊस दडी मारतो तेव्हा चेरापुंजीत काय होतं?" तिथे कोसळतो. मान्सूनचा द्रोणीय पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की मध्य भारत कोरडा पडतो आणि ईशान्येला मुसळधार सुरू होते. मग मेघालयातल्या ओल्या थराचा अर्थ नाशिकला ओल असा लावायचा की दुष्काळ असा? छत्तीसगडमधल्या झुमर आणि मेघालयातल्या वाह शिखर या गुहांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्यावर गेल्या हजार वर्षांतही त्यांचे झोके बरेचदा उलट दिशांना जाताना दिसले, ते २०११ मध्ये प्रसिद्धही झालं आहे. शिवाय मावम्लूहच्याच नंतरच्या, जास्त बारीक मोजणीत ४,२०० वर्षांपूर्वीचा तो काळ सलग कोरडा दिसत नाही. वीस-तीस वर्षांच्या अवर्षणांचे तुकडे दिसतात.

मुख्य नोंद दंडक. मावम्लूह हाताशी ठेवायची, पण नाशिकच्या नावाने बोलू द्यायची नाही.

९ जुलै

बाहेर इगतपुरीकडे धो धो, कॉलेजच्या आवारात भुरभुर. हे इथे नेहमीचंच, पण आमच्या प्रश्नाची सगळी गोम यातच आहे. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, येवल्याकडे त्याहून कमी. एकाच जिल्ह्यात 'पाऊस किती' याला एक उत्तर नाही. तर मग साडेआठशे किलोमीटरवरच्या दगडातून मिलिमीटर काढायचे ते कुणाचे?

मुळात दगडात मिलिमीटर नसतातच. असतं ते ऑक्सिजन-१८ आणि ऑक्सिजन-१६ यांचं प्रमाण. ढगातून पाणी पडताना जड ऑक्सिजन-१८ असलेले रेणू आधी पडतात आणि उरलेली वाफ हलकी होत जाते. उष्ण कटिबंधात जोरदार पावसाच्या महिन्यांत पाणी हलकं आढळतं. डान्सगार्ड यांनी १९६४ मध्ये हा 'प्रमाण परिणाम' मांडला आणि पुढे बराच काळ हलका कॅल्साइट म्हणजे जास्त पाऊस हे समीकरण चाललं. पण ते सगळीकडे सारखं लागू पडत नाही. मुंबईच्या पावसात हा संबंध क्षीण, कारण वाफ शेजारच्या अरबी समुद्रातून ताजीच येते. शिलाँगच्या पठारावर तर तो जवळजवळ सापडतच नाही. तिथे हंगामाच्या शेवटी पाणी हलकं होतं, त्याचं एक कारण म्हणजे गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी तोवर बंगालच्या उपसागरात पसरलेलं असतं.

म्हणजे थरात उतरतो तो वाफेचा अख्खा प्रवास: निघाली कुठून, वाटेत किती सांडली, कोणत्या महिन्यात पोचली. गुहेवर किती पाऊस पडला हा त्यातला एक हिस्सा.

यावरून कामाची दिशा आज ठरली. दगडाचे मिलिमीटर करायचे नाहीत. मॉडेलच्या पावसाचा दगड करायचा, म्हणजे त्या पावसातून स्तंभात काय उमटलं असतं ते काढायचं, आणि दगडाशी दगडच ताडून बघायचा. सरांना हे 'उलटं काम' वाटतं. वाटू दे.

१७ जुलै

दिवसभर डाउनलोड, दुपारी वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. आजची नोंद एवढीच.

२४ जुलै

मॉडेलची चौकट उघडून दाखवली तेव्हा दोघंही गप्प झाले. शेवटच्या २१,००० वर्षांचं ट्रेस नावाचं जे गाजलेलं प्रतिरूपण आहे, त्याच्या वातावरणाचा एक चौकोन ३.७५ अंशांचा, म्हणजे आपल्या अक्षांशावर जवळपास ४०० किलोमीटर. इगतपुरी, नाशिक, येवला, शिवाय अरबी समुद्राचा तुकडा, सगळं एका आकड्यात. सह्याद्रीचा कडा दाबून सपाट. विद्यार्थ्याचं घर निफाडकडे, त्याला उदाहरण लगेच सुचलं: महसूल मंडळातल्या एका पर्जन्यमापकावर सगळ्या गावांचा पीकविमा ठरतो तसं. अगदी तसंच.

समस्थानिकांचा हिशेब ठेवणारं नंतरचं आयट्रेस २०,००० ते ११,००० वर्षांपूर्वीचा काळ धरतं. त्याचा चौकोन सुमारे २ बाय २.५ अंश. बरा, पण घाट त्यालाही दिसत नाही. गेल्या हजार वर्षांसाठी आयसीईएसएम या मॉडेलच्या ८५० ते २००५ पर्यंतच्या धावा (मॉडेल एकेकदा चालवून मिळालेले निकाल) घेतल्या.

६ ऑगस्ट

गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, रामकुंडावर पाणी चढलं, सगळं कॉलेज दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं का याच गप्पांत. शहराचं पूरमापक तेच, आणि २००८, २०१६, २०१९ चे पूर लोक त्याच्याच उंचीवर सांगतात.

विद्यार्थिनीने विचारलं, असा पूर स्तंभात दिसेल का? बहुधा नाही. गुहेवरच्या माती-खडकातून पाणी झिरपताना कित्येक महिन्यांचं, कधी कित्येक वर्षांचं पाणी एकत्र मिसळतं आणि मग टपकतं. चार दिवसांचा पूर त्यात विरून जातो. उलट लागोपाठ दहा-वीस वर्षं पाऊस थोडाथोडा कमी राहिला, ज्याची कुणी बातमीही करणार नाही, तो स्पष्ट उमटतो. माणसांची पावसाची आठवण आणि दगडाची नोंद वेगवेगळ्या गोष्टी धरून ठेवतात, म्हणून एकीने दुसरीची खात्री करताना जपून.

१९ ऑगस्ट

मॉडेलच्या पावसाचा दगड करण्याचा कोड चालू झाला. पायऱ्या अशा: दर महिन्याच्या पावसाचं ऑक्सिजन-मूल्य त्या महिन्याच्या पावसाने भारित करायचं, बाष्पीभवन वजा करून किती पाणी खाली झिरपलं ते धरायचं, मिसळण्याचा काळ लावायचा, मग गुहेच्या तापमानाला कॅल्साइट किती जड होईल ते सूत्राने काढायचं.

शेवटच्या पायरीवर सगळे अडकले. प्रयोगशाळेत बनवलेल्या कॅल्साइटवरून किम आणि ओनील यांनी १९९७ मध्ये दिलेलं सूत्र एक, प्रत्यक्ष गुहांतल्या मोजणीवरून ट्रेमेन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दिलेलं दुसरं. २५ अंश सेल्सिअसला दोघांत सुमारे १.३ प्रति हजारचा फरक येतो (जड-हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणातला फरक असा हजारात मोजतात). आणि आपण शोधतोय ते बदल कित्येकदा त्याहून लहान! इथे कोणतं सूत्र 'बरोबर' यावर सर आणि मी तासभर वाद घातला. तोडगा साधा निघाला. दोन्ही सूत्रांचा तापमानाशी उतार मात्र जवळपास सारखाच, अंशाला साधारण ०.२ प्रति हजार. म्हणून मूळ किंमत सोडून द्यायची, फक्त सरासरीपासूनचा फरक बघायचा.

हिमयुगाकडे गेलं की आणखी एक वजावट आहे. २१,००० वर्षांपूर्वी हलकं पाणी हिमस्तरांत अडकल्यामुळे समुद्रच सुमारे १ प्रति हजारने जड होता. तो आधी काढला नाही तर ज्याला आपण कोरडा मान्सून म्हणू त्यातला काही भाग निव्वळ उत्तर अमेरिकेवरचा बर्फ असेल.

२ सप्टेंबर

दंडकच्या नोंदीत चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत मान्सून वारंवार दुबळा पडलेला दिसतो. दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला. १३९६ मध्ये सुरू झाला आणि बारा वर्षं टिकला असं दख्खनमध्ये सांगतात. विद्यार्थी एकदम उत्साहात. आता मॉडेलमध्ये १३९६ काढू, म्हणाला.

त्याला थांबवलं नाही, काढू दिलं. तिथे खास काही नव्हतं. पुढच्या धावेत वेगळंच चित्र, तिसऱ्यात आणखी वेगळं. मग बसून बोललो. मॉडेलला बाहेरून काय दिलंय? ज्वालामुखींनी वर फेकलेले गंधकाचे सूक्ष्म कण, सूर्याच्या तेजातला बारीक चढउतार, पृथ्वीच्या कक्षेतला बदल, हवेतले वायू. पण मान्सूनला एखादं दशक झोपवणारे प्रशांत महासागराचे झोके मॉडेल स्वतःच निर्माण करतं, आणि प्रत्येक धावेत ते वेगळ्या सालांना येतात. खऱ्या पृथ्वीचा १३९६ हा तिच्या एकाच धावेतला. तारखा जुळवण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे: वीस-तीस वर्षांचं अवर्षण मॉडेल मुळात तयार करतं का, आणि किती वेळा? हे मोजायला घेतलं आहे. वयाची अनिश्चितता धरण्यासाठी दंडकचा एकच आलेख न घेता संभाव्य वयरेषांचा गठ्ठा घ्यायचा.

खरं सांगायचं तर दुष्काळाच्या कथांशी आलेख जुळवण्याचा मोह मलाही होतो. पण दुष्काळ म्हणजे फक्त पाऊस नव्हे. सत्ता, युद्ध, धान्याची वाहतूक हे सगळं त्यात येतं. दगडाला त्यातलं काही ठाऊक नाही.

१५ सप्टेंबर

मोठ्या काळाकडे वळलो की सगळं जास्त सरळ होतं. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते. परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे, ही वेळ सुमारे २३,००० वर्षांच्या चक्रात सरकत राहते. साधारण ११,००० ते ९,००० वर्षांपूर्वी ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात होती, ऊन ७ ते ८ टक्के जास्त. जॉन कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये हे मॉडेलात घातलं आणि मान्सून बळकट झालेला दिसला. ओमानच्या कुन्फ गुहेतला स्तंभ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही सुमारे ८,००० वर्षांपूर्वीपासून मान्सून त्या उन्हाबरोबर हळूहळू उतरत आलेला दिसतो. दक्षिण ब्राझीलच्या बोटुवेरा गुहेची नोंद त्याच तालावर, पण चीनच्या गुहांच्या नेमकी उलट. दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात तेव्हा ऊन कमी होतं. इतकं स्वच्छ काही बघितलं की आधीचा महिनाभराचा वैताग विसरायला होतो.

२९ सप्टेंबर

आयट्रेसच्या आकड्यांवरून २०२१ च्या मूळ शोधनिबंधातलं चित्र आमच्या हाताने पुन्हा काढलं. उत्तर अटलांटिकमध्ये वितळत्या बर्फाचं गोडं पाणी शिरतं, तिथला सागरी प्रवाह मंदावतो, उष्ण कटिबंधाचा पाऊसपट्टा दक्षिणेकडे सरकतो, आणि भारतापासून चीनपर्यंत ऑक्सिजन एकसाथ जड होतो. पाऊस मात्र सगळीकडे एकसाथ बदलत नाही! समस्थानिक एका सुरात, पाऊस जागोजागी वेगळा. २०११ मध्ये दुसऱ्या एका मॉडेलवरून असाच मुद्दा आला होता: चीनच्या गुहांतलं बरंचसं जडपण मुळात भारतीय मान्सून दुबळा होऊन वाफ वाटेत कमी सांडल्यामुळे.

सर बराच वेळ चित्राकडे बघत होते. जुलैत ज्याला ते उलटं काम म्हणाले होते त्याबद्दल काही बोलले नाहीत, फक्त दंडकचा चौकोन नाशिकच्या चौकोनापासून वेगळा करून दाखव म्हणाले. दाखवला.

११ ऑक्टोबर

विद्यार्थ्याचे काका द्राक्षबागायतदार, त्याला न्यायला आले होते. पडद्यावरची रेघ बघून विचारलं, "मॅडम, हे सगळं ठीक, यंदा परतीचा पाऊस छाटणीनंतर येणार का ते सांगतं का हे?" नाही सांगत. पण परतीचा पाऊस हा शब्द ऐकून विद्यार्थिनीने कोडमध्ये महिने वेगळे केले, आणि ते फार कामाचं ठरलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या वादळी पावसाचं पाणी फार हलकं असतं. अशी दोन वादळं मध्य भारतावर जास्त आली तर वर्षाची बेरीज फारशी न बदलता दगड 'ओलं वर्ष' दाखवेल. काकांच्या बागेचं तेच वर्ष डाऊनी मिल्ड्यू या रोगाने गेलेलं असेल.

२५ ऑक्टोबर

गुहा सोडून दोन ताळे घेतले. पहिला लोणारचा: बेसॉल्टमधलंच सरोवर, त्याच्या गाळात ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीची दीर्घ अवर्षणं मिळाली आहेत. दुसरा गोदावरीच्या मुखासमोरचा, बंगालच्या उपसागरातला गाळ. ब्रह्मगिरीवरून निघालेलं पाणी १,४६५ किलोमीटरवर जे सोडतं त्यात खोऱ्यातल्या झाडापानांचं मेणही असतं. २०१२ च्या कामात त्यावरून ४,००० ते १,७०० वर्षांपूर्वीच्या दरम्यान कोरड्या हवेला सरावलेली झाडं वाढत गेलेली दिसतात. हा पुरावा आपल्या खोऱ्याचा, सगळ्या खोऱ्याचा. त्यात त्र्यंबक किती आणि विदर्भ किती, ते वेगळं करता येत नाही. तरी माझ्या मते नाशिकसाठी मेघालयातल्या कुठल्याही स्तंभापेक्षा हा वजनदार.

४ नोव्हेंबर

प्रदर्शनासाठी भित्तिपत्रक. 'नाशिकचा प्राचीन पाऊस' हे शीर्षक विद्यार्थ्याने स्वतःच काढलं, 'मध्य भारतावरच्या मान्सूनचा प्रवास' लिहिलं. उभ्या अक्षावर मिलिमीटर नाहीत, प्रति हजार आहे.

वाद राहिला तो अक्षाच्या दिशेचा. गुहांच्या आलेखांत अक्ष उलटा काढायची प्रथा आहे, हलकं वर, म्हणजे वर गेलेली रेघ ओली वाटते. सरांचं म्हणणं, उलटा केला की अर्थ आधीच लावून दिला. विद्यार्थिनीचं म्हणणं, सरळ ठेवला तर बघणारा प्रत्येक जण चुकीचं वाचेल. दोघांचं खरं आहे. शेवटी मॉडेलचा आणि दंडकचा आलेख दोन्ही सरळ ठेवले आणि बाजूला मोठ्या अक्षरांत 'वर जड, खाली हलकं' लिहिलं. उद्या छापायला द्यायचं, त्याआधी आयसीईएसएमच्या अवर्षणांची मोजणी तिसऱ्या धावेसाठी पुरी करायची आहे.